तोंडानाकाला चरबी

नोवोसिबिर्स्क, ६ ऑक्टोबर २००२

केन्जे, माझ्या शेंडेफळा,

जेकशेनच्या ट्रकमधून गोधड्यांचा गठ्ठा पाठवते आहे. वाटेत एखादी तो स्वतःच्या बायकोसाठी काढून ठेवतो हे मला ठाऊक आहे, म्हणून या खेपेला प्रत्येकीच्या कोपऱ्यात लाल टाका घातलाय. त्याच्या घरी लाल टाका दिसला तर माझं नाव सांगून ओढून आण. आमच्या शिवणघराची मालकीण उरलेल्या चिंध्या मला नेऊ देते, त्यातून तुझ्या पोरांची पांघरुणं होतात. तेवढ्यापुरती ती बाई देवमाणूस.

आता खरी गोष्ट. बाजारात आपल्या गावची झूरा भेटली, सुके जर्दाळू विकते. ती म्हणाली, तोक्तोसून अबाच्या घरातून आता धूर निघत नाही. मुलगा मैराम्बेक इकडे रशियात बांधकामावरून पडून मेला. सून दुसरं घर करून गेली. मेंढ्या विकून संपल्या. उरला म्हातारा आणि एक नात. केन्जे, मी झूराकडून गरज नसताना पिशवीभर जर्दाळू घेतले. असली बातमी फुकट ऐकू नये.

तू तेव्हा सात वर्षांची होतीस, तुला किती आठवतं कोण जाणे. मी थोरली, मला सगळं आठवतं. आई आधीच गेलेली, आणि बाबा खिंडीत बर्फाखाली गेले. त्यांच्या चाळिसाव्या दिवसाला अख्खं गाव आपल्या घरात बसून आपलीच मेंढी खात होतं. बाबांचा सख्खा थोरला भाऊ म्हणून मेंढीचं डोकं अबापुढे ठेवलं. रीतीप्रमाणे त्यानं कान कापले, घरातल्या लहानांना द्यायला. तू हात पुढे केलास. त्याचा हात तुझ्या हातावरून गेला आणि दोन्ही कान मैराम्बेकच्या तळव्यावर पडले. मग कुणीतरी विचारलं, या दोघींचं काय करणार? अबा बोटं चाटत म्हणाला, "पोरकं कोकरू पाळावं, तोंडानाकाला चरबी लागते. पोरकं पोर पाळावं, तोंडानाकाला रक्त लागतं."

लोक हसले. म्हण सगळ्यांनाच पाठ आहे, पण ज्या घरातला बाप मेलाय त्या घरात बसून ती कुणी म्हणत नाही. दुसऱ्या दिवशी सरकारी वसतिगृहाच्या ट्रकवर आपल्याला चढवलं. घर, मेंढ्या, आईनं रंगवलेला लोकरीचा नमदा, सगळं त्याचं झालं.

तो तुझ्या दाराशी येणार. तू पोरकी पोरं सांभाळतेस हे सगळ्या डोंगराला माहीत आहे. येईल तेव्हा त्याचीच म्हण त्याच्या तोंडावर मार आणि दार लाव. मी दुसरं काही मागत नाही.

तुझी ऊलकान


उच-काइन, २८ ऑक्टोबर

ऊलकान एजे,

गोधड्या पोचल्या. एक कमी होती, ती जेकशेनची बायको स्वतः घेऊन आली. "चुकून राहिली बाई," म्हणाली. लाल टाका तिच्या ध्यानात आला असणार, कारण ती चहालाही थांबली नाही.

तू इथं कधी आली नाहीस म्हणून सांगते. हे पूर्वीचं लोकर साठवायचं गोदाम. बेकतूरनं मध्ये भिंती घातल्या, दोन चुली बांधल्या. तरी हवा दमट झाली की भिंतींना मेंढरांचा वास सुटतो आणि पोरं "बें बें" करत हसत सुटतात. सकाळी बेकतूर त्यांना गाडीत घालून खालच्या गावच्या शाळेत सोडतो. माझे नियम थोडे आहेत. कुणाचे केस भादरायचे नाहीत. ज्याचा त्याचा पेला, ज्याची त्याची खुंटी. मेंढी कापली की कान सगळ्यात नव्या पोराला. हे नियम मी कुठून शिकले ते तुला सांगायला नको.

सध्या नवी आहे ती तुमार. वय नऊ, वजन सहाचं. शाळा पाहिलेलीच नाही. आधी जिथं होती तिथं ती पोर नव्हती, राबणारे हात होती. मेंढरं वळायची, भांडी घासायची, घरातले जेवून उठले की पातेलं खरवडायची. बोलत नाही. रात्रीच्या नानमधला अर्धा गादीखाली ठेवते. मी बघून न बघितल्यासारखं करते. तिला कोट नाही. जमलं तर चिंध्यांतून एक काढ, माप सोबत सुतळीवर पाठवते.

अबाबद्दल लिहिलंस ते वाचलं. येणारा येईल तेव्हा बघू. दार माझं आहे आणि कडीही माझ्याच हातात आहे.

केन्जे


नोवोसिबिर्स्क, २४ नोव्हेंबर

केन्जे,

कोट पाठवला. चिंध्यांचा नाही. मालकिणीच्या चांगल्या निळ्या ताग्यातला आहे, ती आजारी होती तेव्हा कापून घेतला. अस्तर लाल, आत मेंढीची लोकर भरलीये, आणि खिसे खोल ठेवलेत. गादीखाली नान ठेवणाऱ्या पोरीला खोल खिसे लागतात. वसतिगृहात मी उशीच्या अभ्र्यात ठेवायचे आणि तू रात्री हळूच काढून खायचीस, मला वाटायचं उंदीर. पोरीला सांग, हा कोट कुणी काढून घेणार नाही. तिच्या जुन्या घरातल्या त्या बाईचं नाव कळव. मी इथून शिव्या घालीन, कुठूनही लागतात.

कुणाची पोर ती? तू लिहिलं नाहीस.

झूरा पुन्हा भेटली. म्हणते, अबाची नात घरात दिसत नाही, कुठेतरी ठेवलीये. बघ, स्वभावाला औषध नाही. भावाच्या पोरी टाकल्या, आता मुलाचीही पोर टाकली. तो तिला तुझ्याकडे घेऊन आला तर दार उघडू नकोस. पोरीचा दोष नाही, मला कळतं. पण आपला तरी काय होता? त्याच्या रक्ताचं पोर तसल्याच वसतिगृहात तसल्याच थंड पलंगावर झोपू दे. मग त्याला कळेल. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. मला शब्द दे.

ऊलकान


उच-काइन, २० डिसेंबर

ऊलकान एजे,

शब्द देता येत नाही, कारण तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच उशीर झाला होता.

कोट तुमारला बरोबर बसला. तुमार मैराम्बेकची मुलगी आहे. अबाची नात.

आता पुढचं वाचण्याआधी पत्र फाडू नकोस. सप्टेंबरात तो आला. पोरीला पुढ्यात घेऊन, घोड्यावरून. मी चेहरा ओळखला नाही, एजे. दाढी पांढरी, गाल बसलेले. त्यानं लगाम आवळला तेव्हा हात दिसला. उजव्या हाताचं बोट दोरीत सापडून अर्धं तुटलेलं आहे ना, तेच. कान घेऊन माझ्या हातावरून गेलेला हात. तुला वाटतं मला आठवत नसेल.

आणि त्यानं मला ओळखलं नाही. आपली माणसं पाहुण्याला पहिला प्रश्न विचारतात, तू कुणाचा. बाईला मात्र विचारतात, सून कुणाची. अबानंही तेच विचारलं. मी बेकतूरच्या घराण्याचं नाव सांगितलं, सादिरांची. "हो का, सादिर चांगली माणसं," म्हणाला, आणि त्याचं समाधान झालं. बाप कोण हे लग्न झालेल्या बाईला कुणी विचारत नाही. तेवढ्या एका न विचारलेल्या प्रश्नात मी आरामात बसले.

आणखी एक. त्यानं तिला टाकलं नाही. त्याच्या बायकोच्या माहेरच्या एका घरी ठेवली होती. तिथली दशा कळली तेव्हा तो स्वतः गेला, भांडून तिला उचलून आणली, आणि डोंगरातल्या कुठल्या घरात पोरांना शाळेत धाडतात ते विचारत विचारत इथवर आला. तू म्हणशील, म्हणजे तो सुधारला. मी म्हणते, म्हणजे त्याला हे येत होतं. चांगलं येत होतं. आपल्यासाठी केलं नाही, एवढंच. हे मला कधीच माफ करता येणार नाही.

मी मऊ आहे असं तुला नेहमी वाटतं. अबा दर महिन्याला येतो. कधी वाळवलेल्या दह्याचे कुर्त आणतो, कधी काही नाही. टोपी हातात घेऊन उभा राहतो, मला "लेकी" म्हणतो, माझ्या हातांना दुआ देतो. मी त्याला चहा ओतते आणि मनात म्हणते, दे, आणखी दे. असं सुख मला लग्नातही झालं नव्हतं.

केन्जे


नोवोसिबिर्स्क, १५ जानेवारी २००३

केन्जे,

माझा केसानं गळा कापलास. मी त्या घरच्या पोरीसाठी बोटं टोचून घेतली आणि तू मला माप पाठवत होतीस.

तुझं ते चहा ओतून मनात बोलणं तुलाच लखलाभ. सूड मनातल्या मनात घेतात का? त्याला कळलंच नाही तर तो सूड कसला, तो तुझा करमणुकीचा खेळ झाला. मला कुणी दर महिन्याला दुआ देत नाही. मी इथं परक्यांचे बाह्या-गळे शिवते आणि रात्री ते हसणारे लोक मला ऐकू येतात.

कोट परत पाठव. पोरीला त्याच्या हवाली कर. तुझ्याच्यानं होत नसेल तर झूरा मार्चमध्ये गावी चाललीये, तिच्या तोंडून मी अबाला निरोप धाडते की सादिरांची सून कोण आहे. आणि त्या पोरीच्या अंगावर माझी गोधडी असेल तर तीही काढ. यापुढे मी शिवणार नाही.

ऊलकान


उच-काइन, २ फेब्रुवारी

एजे,

तू मागितलास, कोट पाठवला आहे.

मी तुमारला म्हटलं, हा परत द्यायचाय. तिनं कारण विचारलं नाही. बटणं काढली, बाह्या आत दुमडल्या, माझ्या हातात दिला आणि चुलीपाशी जाऊन बसली. ज्या पोरांच्या वस्तू पुष्कळदा काढून घेतल्यात तीच इतकी छान घडी घालतात. बाहेर गुडघाभर बर्फ आहे. तिला शाळेत मी माझ्या शालीत गुंडाळून धाडते.

निरोप धाडायचा तर धाड. पण काय होईल ते लिहून ठेवते. आपण कोण हे कळलं की अबा तिला इथं एक दिवस ठेवणार नाही. आपल्याला लाज वाटून नव्हे, भीतीनं. तो स्वतःवरूनच ताडणार, की या दोघी आता त्या पोरीचं काय करतील. आणि नेऊन ठेवायला त्याच्याकडे ते एकच घर आहे, पातेली खरवडायचं. परवा ती पहिल्यांदा बोलली. फळ्यावरचं स्वतःचं नाव वाचलं आणि म्हणाली, "हे मी आहे." तेवढं तरी तुझ्या झूराला सांग.

कोटाचे खिसे मी रिकामे केले नाहीत.

केन्जे


नोवोसिबिर्स्क, २७ फेब्रुवारी

केन्जे,

तू माझ्यापेक्षा दुष्ट आहेस. मी तोंडानं चावते, तू खिसे रिकामे न करता कोट पाठवतेस.

नान दगडासारखा झाला होता. प्रत्येक तुकडा चिंधीत बांधलेला, डाव्या खिशात मोठे, उजव्या खिशात लहान. मी पण असंच करायचे. मोठा तुकडा तुझा असायचा. मालकिणीनं विचारलं, का रडतेस, तर मी म्हटलं सुई लागली.

कोट परत येतोय. बाह्या थोड्या वाढवल्यात, खिशांत जर्दाळू भरलेत. पोर तिथंच राहील. मी झूराला काही सांगितलेलं नाही.

पण म्हाताऱ्याला मी सोडणार नाही, आणि तूही सोडणार नाहीस. नवरोझला त्याला जेवायला बोलाव. मेंढी माझ्यातर्फे. मला इथून निघता येत नाही, त्या निळ्या ताग्याचं मालकिणीला कळलंय आणि मी ते फेडेपर्यंत हलू शकत नाही. म्हणजे हे तुलाच करायला हवं. गाव असू दे, शिक्षक असू देत, हसायला जेवढे होते तेवढे तरी बघायला असू देत. कळू दे त्याला. पोर हातची जाणार नाही असं काय करायचं ते तू बघ, लबाडी तुला जमते.

ऊलकान


उच-काइन, २४ मार्च

ऊलकान एजे,

झालं. क्रमानं सांगते, एकही घास गाळत नाही.

बेकतूरनं सगळ्या वस्तीला बोलावलं. शाळेचे मास्तर, खालच्या गावच्या म्हाताऱ्या, जेकशेन आणि त्याची बायकोसुद्धा. अबा स्वच्छ टोपी घालून आला. मेंढी दाराशी आणून उभी केली. सगळ्यात वयस्कर तोच, तेव्हा दुआ त्यानंच द्यायची. मी डोक्यावरच्या रुमालाआडून म्हटलं, "अबा, आज पोरीचं नाव घेऊन द्या. ती इथंच राहून शिकावी अशी दुआ द्या, सगळ्यांच्या कानांवर पडू दे." तो खुलला. हात वर करून खणखणीत आवाजात म्हणाला, "माझी तुमार या छपराखाली राहो, शाळेचा शेवटचा वर्ग संपेपर्यंत कुणी तिला इथून न नेवो, आणि या चुलीच्या मालकिणीचा हात सदा वर राहो." सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवून आमीन म्हटलं. एजे, मेंढीपुढे दिलेली दुआ माणसाला परत घेता येत नाही, आणि ऐकणारे चाळीसजण तरी होते. तिथं तुमारचं काम झालं. आता आपलं उरलं.

मांस शिजलं. डोकं मी त्याच्यापुढे ठेवलं, जसं ठेवायचं तसं. त्यानं एक कान कापून तुमारला दिला. ती तुझा कोट घालून बसली होती, चुलीशेजारी, घाम येत असून काढत नव्हती. दुसरा कान कापून तो इकडे तिकडे बघत होता, की आता लहान कोण. तेव्हा मी परात घेऊन पुढे गेले. शेपटाची चरबी, काळीज, बारीक मांस, असा मूठभर घास केला. म्हणाले, "अबा, तोंड उघडा."

लोक हसायला लागले. आपल्यात मोठा लहानाला भरवतो, बाईनं म्हाताऱ्याला भरवायचं म्हणजे व्याह्यांची थट्टा. जेकशेन ओरडला, "अबा, नशीब काढलंत, तोंड मोठं उघडा." त्यानंही हसत आ केला. मी घास कोंबला. तळव्यानं दाबून कोंबला. चरबी ओठांवरून वाहिली, नाकाला लागली, दाढीत उतरली. मग मी हात न पुसता तिथंच बसले आणि आवाज न चढवता म्हटलं, "पोरकं कोकरू पाळावं, तोंडानाकाला चरबी लागते. पोरकं पोर पाळावं, तोंडानाकाला रक्त लागतं. माझ्या बापाच्या चाळिसाव्याला, त्याच्याच घरात बसून, तुम्ही हे म्हणाला होतात. अबा, मी ते पोरकं पोर. अस्सानची मुलगी. तुम्ही पाळलं नाहीत. तरी बघा, तोंडानाकाला काय लागलंय."

कुणी हसलं नाही. अबाचं तोंड भरलेलं. थुंकता येईना, सणाचा घास थुंकणं पाप. बोलता येईना. त्याला तो सगळाच्या सगळा घास चावावा लागला, एजे, आणि आम्ही सगळे बघत होतो. दात थोडेच उरलेत, त्यामुळे वेळ लागला. मी एकदाही नजर काढली नाही. तुझ्या वाटणीचंही मीच बघून घेतलं.

गिळल्यावर तो म्हणाला, "थोरली की धाकटी?"

नाव त्याला आठवत नव्हतं. दोघींचंही.

मी म्हटलं, धाकटी. दुसरा कान अजून त्याच्या त्या अर्ध्या बोटाच्या हातात होता. तो त्यानं माझ्यापुढे धरला. मला नको होता, देवाशपथ नको होता, पण माझा हात आपोआप पुढे गेला. सात वर्षांच्या पोरीसारखा. घेतला. खाल्ला नाही.

तेवढ्यात तुमार उठली. आजोबांपाशी गेली, आणि त्यांचं तोंड, नाक, दाढी, तुझ्या निळ्या कोटाच्या बाहीनं पुसून काढली. परत येऊन माझ्याशेजारी बसली.

जाताना तो तिला नेतो म्हणेल म्हणून मी दारात उभी होते. तो एवढंच म्हणाला, "दुआ दिलीये." फाटकापासून वळणापर्यंत घोडा हातात धरून पायीच गेला. ऊलकान एजे, मला वाटलं होतं की छाती हलकी होईल. थोडी झाली. सगळी नाही.

कान मिठात घालून वाळवलाय, जेकशेनबरोबर पाठवते. तो निम्मा तुझा होता. खा, नाहीतर टाक. कोटाच्या बाहीवरचा डाग मात्र निघत नाही. राखेनं घासला, गरम पाण्यानं धुतला. तुला कपड्यांतलं कळतं, काय लावू ते कळव.

केन्जे


नोवोसिबिर्स्क, १९ एप्रिल

केन्जे,

कान पोचला. टेबलावर ठेवून दिवसभर त्याच्याकडे बघत शिवत बसले. संध्याकाळी खाली नेऊन शिवणघराच्या कुत्रीला घातला. तिला चार पिल्लं आहेत. तिनं स्वतः खाल्ला नाही, त्यांच्यापुढे टाकला. कुत्रीला कळतं.

माझं नाव ऊलकान आहे हे त्याला पुढच्या खेपेला सांग. दर खेपेला सांग. येऊ दे त्याला, अडवू नकोस, चहा दे, आता मनात बोलायचं काही कारण उरलं नाही.

तुमारसाठी उन्हाळ्याचा झगा कापायला घेतलाय. पोर वाढीला लागली असेल, सुतळी पुन्हा पाठव. गोधड्याही येतील, लाल टाका घालून.

डागाला खडूची पूड आणि वरून गरम इस्त्री लावली की चरबी निघून येते. पण तू लावू नकोस. राहू दे. म्हातारा येईल त्या दिवशी तिला तोच कोट घाल.

तुझी ऊलकान